प्राण्याच्या ऊतीपासून हृदयाची झडप: पार्श्वभूमी

रुग्णांना वर्षानुवर्षे जगवणारी पहिली बदली झडप ऊतीची नव्हती. 1960 साली अमेरिकेत पोर्टलंड इथे शल्यविशारद अल्बर्ट स्टार आणि अभियंते लोवेल एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यातल्या चेंडूची झडप मायट्रल झडपेच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या, जागी बसवली. रक्ताच्या दाबाने चेंडू सरकला की वाट मोकळी, मागे येऊन टेकला की बंद. रुग्ण वाचू लागले, पण परक्या पृष्ठभागावर रक्त गोठतं. तिथली गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात, आणि ती होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. गोळीचं प्रमाण जरा जास्त झालं की रक्तस्राव. ऊतीच्या झडपेमागचा सगळा खटाटोप या कोंडीतून सुटण्यासाठी होता.

1962 साली लंडनमध्ये डोनाल्ड रॉस यांनी, आणि पाठोपाठ ऑकलंडमध्ये ब्रायन बॅरेट-बॉइज यांनी, मृत व्यक्तीची ॲओर्टिक झडप, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप, काढून रुग्णाला बसवली. गोळीची गरज उरली नाही. अशा झडपा मिळणार मात्र किती, आणि हव्या त्या मापाच्या हव्या त्या दिवशी कशा मिळणार? म्हणून पॅरिसमध्ये जाँ-पॉल बिने आणि त्यांचे तरुण सहकारी अलाँ कार्पांतिए प्राण्यांकडे वळले. डुकराची ॲओर्टिक झडप माप आणि घडण या दोन्ही बाबतींत माणसाच्या झडपेच्या बरीच जवळची. 1965 साली त्यांनी ती माणसात बसवली.

सुरुवात चांगली झाली, पण काही महिन्यांतच झडपा निकामी होऊ लागल्या. पाऱ्याच्या क्षारांच्या द्रावणात टिकवलेल्या त्या ऊतीत रुग्णाच्या दाहपेशी शिरत आणि झडपेच्या उघडमीट होणाऱ्या पाकळ्या पोखरत. दोष टाक्यांत नाही, रसायनात आहे हे कार्पांतिएंनी ओळखलं. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच: शस्त्रक्रियेत नाव होत असलेला माणूस रसायनशास्त्र शिकायला बसला. फॉर्मॅल्डिहाइडने साधलेले बंध पुढे सुटतात. ग्लुटाराल्डिहाइडच्या रेणूला मात्र दोन्ही टोकांना पकड असते, त्यामुळे कोलॅजनचे, म्हणजे ऊतीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे, शेजारचे धागे तो एकमेकांना घट्ट बांधून ठेवतो. कातडी कमावण्यासाठी हे रसायन आधीपासून वापरात होतं. त्यात मुरलेली ऊती मेलेली असते, पण मजबूत आणि लवचीक असते, आणि शरीराला ती फारशी परकी वाटत नाही. कार्पांतिएंनी ही झडप कापडाने मढवलेल्या चौकटीवर चढवली, त्यामुळे ती बसवणं इतर शल्यविशारदांच्याही आवाक्यात आलं. 1960चं दशक संपता संपता अशा झडपा रुग्णांत बसू लागल्या. 2007 साली स्टार आणि कार्पांतिए यांना वैद्यकशास्त्रातला मानाचा लास्कर पुरस्कार एकत्र मिळाला. एक धातूचा, एक ऊतीचा. ही जोडी योग्यच होती.

यापुढची प्रगती शिकवली ती मुख्यतः रुग्णांच्या शरीरातून परत काढलेल्या झडपांनी. त्या चिरून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पुढची झडप आखली गेली. कोलॅजनचे धागे मुळात नागमोडी असतात; पाकळी ताणली की सरळ होतात, सैल पडली की पुन्हा वळतात. सुरुवातीला झडप बंद स्थितीत, रक्तदाबाइतक्या दाबाखाली रसायनात ठेवत. त्यात ही वळणं कायमची सपाट होत, पाकळी ताठर बनून वाकण्याच्या जागी तुटे. मग दाब जवळपास शून्यावर आणला गेला. दुसरी अडचण डुकराच्या शरीररचनेतच होती. त्याच्या उजव्या पाकळीच्या बुडाशी स्नायूचा कंगोरा असतो आणि तो लहान मापाच्या झडपेत रक्ताची वाट अडवतो. झडपा बनवणाऱ्या हॅनकॉक कंपनीने ती पाकळी काढून त्या जागी दुसऱ्या डुकराच्या झडपेची पाकळी शिवली.

लीड्समध्ये मारिअन आयोनेस्कू यांनी 1971 साली वेगळीच वाट धरली. तयार झडप घ्यायचीच नाही. गाईगुरांच्या हृदयावरणाचा पातळ पडदा कमावायचा आणि त्यातून हव्या त्या आकाराच्या पाकळ्या बेतायच्या. रक्त या झडपेतून फार मोकळेपणाने वाहे. पण पडदा चौकटीच्या बाहेरून गुंडाळलेला होता, कापडावर घासत होता, आणि चौकटीच्या प्रत्येक उभ्या खांबाच्या टोकाशी पाकळ्या जुळवून धरणारा एक टाका होता. त्या टाक्यापासून चीर सुरू होई. आयोनेस्कू-शायली नावाने ओळखली जाणारी ही झडप ऐंशीच्या दशकात मागे पडली, पण पडद्याचा विचार बरोबरच होता. कार्पांतिए-एडवर्ड्स झडपेत पाकळ्या चौकटीच्या आत घेतल्या आणि हलत्या भागातून टाका काढून टाकला. तोच आराखडा पुढे दशकानुदशकं टिकला.

आजही हे काम हातानेच होतं. ज्या देशांत गुरांना मॅड काऊ रोग नाही तिथून पडदा येतो. कमावल्यावर त्याची जाडी मोजतात. ती साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते. एका झडपेच्या तिन्ही पाकळ्या जाडीने आणि ताणाने जुळाव्या लागतात, नाहीतर एक आधी मिटते, दुसरी मागे राहते आणि ताण एकीवरच येतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली बसून शेकडो टाके घालायचे, प्रत्येक टाका तपासायचा. तयार झालेल्या नमुन्याला यंत्रात 20 कोटी वेळा उघडमीट करून दाखवावी लागते. हृदयाच्या हिशेबात ही सुमारे पाच वर्षं झाली.

ग्लुटाराल्डिहाइडचं देणं मात्र उरलंच. मेलेल्या पेशींचे फॉस्फोलिपिड (त्यांच्या आवरणातले स्निग्ध पदार्थ) आणि बांधायचे राहिलेले आल्डिहाइड गट (या रसायनाच्या रेणूची पकडणारी टोकं) कॅल्शिअम ओढून घेतात. पाकळीत खडे साचतात, ती कडक होते, फाटते. अल्कोहोलने फॉस्फोलिपिड धुणं, मोकळे गट रसायनाने झाकणं, ऊती ग्लिसरॉलमध्ये कोरडी ठेवणं, असे उपाय आले. आयुष्य वाढलं, तरी साधारण दहा ते वीस वर्षांचा हिशेब पूर्ण बदलला नाही.

2002 साली फ्रान्समधल्या रूआँ इथे अलाँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नेऊन ॲओर्टिक झडप बसवली. डेन्मार्कच्या हेनिंग रूड अँडरसन यांनी 1989 साली डुकरांवर असा प्रयोग केला होता. आता पडदा दुमडून नळीत मावायला हवा होता, म्हणून तो आणखी पातळ आणि चौकट आकसणारी झाली. जुन्या झडपेच्या आतच नवी बसवणंही जमू लागलं. त्यामुळे आराखडा करणाऱ्याला आता या झडपेत पुढे दुसरी मावेल का, हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांची तोंडं मोकळी राहतील का, हेही पाहावं लागतं.

लहान मुलांचा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. त्यांच्या शरीरात कॅल्शिअम भराभर साचतं आणि कमावलेली ऊती मुलाबरोबर वाढत नाही. रॉस यांनी 1967 साली रुग्णाची स्वतःची फुप्फुसधमनीची झडप ॲओर्टिक जागी हलवून दाखवली; ती जिवंत असल्याने वाढते. पण रिकाम्या झालेल्या फुप्फुसधमनीच्या जागी पुन्हा मृत दात्याची किंवा प्राण्याचीच झडप लागते, आणि मूल मोठं झालं की तीही बदलावी लागते.