आउटडोअर फर्निचर आणि फायर पिटचं दुकान कसं मांडायचं

गंगापूर धरणाच्या बाजूला नाहीतर त्र्यंबक रोडला चक्कर मारली की फार्महाऊस, होमस्टे, टेरेसवाले कॅफे किती वाढलेत ते दिसतंच आणि त्यांच्यामुळे नाशकात बाहेर ठेवायच्या फर्निचरची मागणी पण वाढलीय. आम्ही अशा दुकानांची मांडणी करून देतो, म्हणजे कुठला सेट कुठे, लाईट कसे, फायर पिट (अंगणात, गच्चीवर आग पेटवायचं तयार भांडं) कुठे पेटवायचा हे सगळं. काम आम्हाला द्या किंवा घरचीच माणसं लावून करा, पण खालचं एकदा वाचून घ्या.

माल कमी मांडा

दुकानदार हेच ऐकत नाहीत. माल आला की सगळा फ्लोअरवर, खुर्चीवर खुर्ची, टेबलाखाली टेबल, आणि मग गिऱ्हाईक दारातूनच मान वळवून बघतं आणि निघून जातं कारण आत शिरायला आणि बसायला जागाच नाही. बाहेरचं फर्निचर माणूस बसून बघितल्याशिवाय घेत नाही. १००० स्क्वेअर फुटाच्या दुकानात ६-७ सेट बास झाले, बाकीचा माल गोडाऊनला आणि रंगाचे नमुने भिंतीवर. दुकानात चालायचा मेन रस्ता ४ फुटांचा सोडा, आख्खं कुटुंब येतं, आजी असतात, लहान पोरं असतात. डायनिंग टेबलाच्या कडेपासून मागे ३ फूट मोकळे पाहिजेत, नाहीतर खुर्ची ओढून बसताच येत नाही.

सेट मांडताना घर डोळ्यासमोर ठेवा. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या फ्लॅटमधलं गिऱ्हाईक आलं की त्याला एकच प्रश्न असतो, माझ्या बाल्कनीत हे मावेल का. मग फरशीवर ४ बाय १० फुटांची चौकट टेपने आखा, एका बाजूला खरं रेलिंग उभं करा आणि त्यात दोन खुर्च्या न् एक छोटं टेबल ठेवा, उत्तर त्याला आपोआप मिळतं. दुसरा कोपरा गच्चीचा, तिसरा फार्महाऊसच्या अंगणाचा. खाली पण तशीच जमीन द्या, गच्चीला डेक टाइल, अंगणाला शहाबादी नाहीतर खडी. सगळीकडे हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरू नका, त्यावर चांगलं सागवान पण स्वस्त दिसतं.

झोपाळा मात्र पाहिजेच. आपल्याकडे झोपाळा दिसला की माणूस बसतोच, आणि पोरं तर जोरात झोके घेणारच, म्हणून पुढे-मागे ३-३ फूट मोकळे ठेवा आणि काचेचं टेबल त्याच्या आसपास सुद्धा नको.

लाईट ३००० केल्विनचे, पिवळसर. पांढऱ्याफटक ट्यूबखाली लाकूड मेल्यासारखं दिसतं.

जे विकताय ते दाखवा

वेताची खुर्ची आणि सिंथेटिक विकरची (वेतासारख्या विणलेल्या प्लास्टिकची) खुर्ची लांबून सारखीच दिसते, पण खरा वेत पावसात टिकत नाही आणि चांगला एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) विकर वर्षानुवर्षं टिकतो. हे तोंडाने सांगण्यापेक्षा एक खुर्ची वर्षभर दुकानाच्या गच्चीवर ऊनपाऊस खायला ठेवा आणि मग ती नव्या खुर्चीशेजारी मांडा. रंग थोडा उडालेला असेल तर असू दे, गिऱ्हाईकाला खरं काय ते दिसलं की त्याचा विश्वास बसतो. तसंच फोमचं, ट्रेमध्ये एक साधा फोम आणि एक क्विक ड्राय फोम ठेवा, दोन्हीवर तांब्याभर पाणी ओता, क्विक ड्रायमधून लगेच निथळतं आणि साधा धरून ठेवतो. प्रत्येक सेटवर मराठीत टॅग लावा: माप, वजन, फ्रेम कशाची (एमएस म्हणजे साधं लोखंड, ॲल्युमिनियम की एसएस ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टील) आणि पावसात बाहेर चालेल का. शेवटची ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरात.

फायर पिट

इथे जरा सावकाश वाचा. दुकानाच्या आत फायर पिट पेटवायचा नाही, पाच मिनिटं पण नाही, शटर उघडं असलं तरी नाही. लाकूड असो की गॅस, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होऊ शकतो, त्याला ना रंग ना वास, आणि शेजारीच फोमच्या गाद्या असतात ज्या एकदा पेटल्या की धूर विषारी होतो. आत बंदच ठेवा, जाळी उघडी, राखेचा ट्रे थोडा बाहेर ओढलेला, लाकडं नीट रचलेली.

पेटवून दाखवायचा तो बाहेर, समोरच्या मोकळ्या जागेत (स्वतःच्या, फुटपाथवर नाही), पेव्हर ब्लॉकवर, भिंत, छत, बोर्ड, झाडाच्या फांद्या सगळ्यापासून किमान १० फूट लांब. डिसेंबरात साडेसहाला अंधार पडलेला असतो आणि नाशिकची थंडी, तेव्हा एक पिट आणि भोवती चार खुर्च्या एवढंच पुरतं, लोक गाडी थांबवून येतात. खुर्च्या कडेपासून ३-४ फुटांवर, त्याहून जवळ नको, साडी ओढणीचं लक्षात ठेवा. ठिणगीची जाळी कायम वर आणि आग विझवायचा आयएसआय मार्कचा एबीसी सिलिंडर हाताशी. लाकूड वाळलेलं बाभळीचं घ्या, बराच वेळ जळतं. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या स्वस्तात मिळतात पण भुर्रकन संपतात, आणि फवारणी झालेली असते म्हणून त्यावर काही भाजायला देऊ नका.

"साधी शेकोटी काय वाईट?" हे विचारणारे भेटणारच, निफाडकडे तर थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. त्यांना राखेचा ट्रे ओढून दाखवा, जाळी दाखवा, पाणी जायचं भोक दाखवा. निखारा वाऱ्याने उडत नाही आणि फरशी काळी होत नाही, फरक एवढाच आहे पण गच्चीवर तो फार मोठा आहे.

गॅसवाल्या पिटला १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर, घरचा लाल १४.२ किलोचा दुकानात वापरायचा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला जमिनीलगत दोन्ही बाजूंनी जाळीच्या खिडक्या पाहिजेत. वर लाव्हा रॉकच (ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड) टाका, नदीतले गोटे छान दिसतात पण आत ओल असते, तापले की वाफेने फुटतात. कॉर्टेन स्टीलचा (मुद्दाम वरून गंजू दिलेल्या स्टीलचा) पिट खडीवर ठेवा, पावसात त्याचं गंजाचं पाणी पांढऱ्या टाइलवर डाग पाडतं.

फायरचे कागद पण बघून ठेवा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे लायसन्सवाल्या एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैत आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट घ्यायचं असतं.

आम्ही बघायला येण्याआधी दुकानाची मापं (कॉलम आणि शटरसकट), प्लग कुठे आहेत ते, संध्याकाळी सातला काढलेले दोन-चार फोटो आणि समोरची जागा वापरायची मालकाची लेखी परवानगी एवढं तयार ठेवा. दसऱ्याला दुकान उघडायचं असेल तर गणपतीच्या आधी बोलवा, कारण पितृपक्षात बरेच जण नवीन काम सुरू करत नाहीत आणि पेव्हर बसवायला पाऊस उघडलेला लागतो.