शेपटावरचा नंबर

२६ डिसेंबर २०१८. नाताळचा दुसरा दिवस, इंग्लंडात सुट्टी, आणि शेफिल्डवर हिवाळ्यात क्वचितच मिळतं तसं स्वच्छ आकाश. तिथल्या एका हौशी छायाचित्रकाराला खूप उंचावरून चकाकत जाणारं चार इंजिनांचं विमान दिसलं. त्यानं कॅमेरा काढला, फोटो घेतले आणि इंटरनेटवर चढवले. ट्रान्सपाँडरच्या, म्हणजे विमान आपली ओळख कळवायला ज्यातून संदेश सोडतं त्या यंत्राच्या, लहरी पकडून विमानांचा माग काढणाऱ्या मंडळींना त्याच सुमारास ‘आरसीएच ३५८’ हा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, दिसत होता. अमेरिकी हवाई दलाच्या साध्या वाहतूक फेऱ्यांना ‘आरसीएच’ लावतात. फोटोत मात्र निळा-पांढरा जंबो होता, अध्यक्षांचा. डोनाल्ड ट्रम्प गुपचूप इराकच्या अल-असद तळाकडे निघाले होते आणि घोषणा व्हायच्या आधीच शेकडो छांदिष्टांनी ते ताडलं होतं. खिडक्यांचे पडदे ओढून, दिवे मालवून आपण कसे उतरलो, ते ट्रम्प यांनी नंतर रंगवून सांगितलं. दिवसा शेफिल्डच्या उन्हात विमान आरशासारखं चमकत होतं, त्याला पडदे काय करणार?

गंमत अशी, की हे विमान लपण्यासाठी रंगवलेलंच नाही. १९६२ मध्ये केनेडींसाठी नवं बोइंग आलं तेव्हा रेमंड लोवी या नामांकित औद्योगिक डिझाइनरनं त्याचा साज ठरवला: फिकट निळा, पांढरा, आणि लांबवर ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ अशी भारदस्त अक्षरं. कुठल्याही धावपट्टीवर ते उठून दिसावं आणि फोटोत छान यावं, हाच हेतू. १९९० पासूनच्या दोन जंबोंच्या शेपटांवर २८००० आणि २९००० हे नंबरही लांबून वाचता येतील असे रंगवलेले आहेत. स्पॉटरांना, म्हणजे विमानं बघून त्यांचे नंबर टिपणाऱ्या छांदिष्टांना, अर्थातच दोन्ही हवे असतात. आणि अध्यक्ष आत असतील तरच त्याला ‘एअर फोर्स वन’ म्हणायचं, हे त्यांच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे गुप्त असतं ते विमान नव्हे. ते कधी, कुठे आणि कोणाला घेऊन आहे, एवढंच.

हा छंद सरकारनंच वाढवला, हे आज कोणाला फारसं आठवत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या कारखान्यांच्या छपरांवर माणसं डोळ्याला दुर्बीण लावून बसत. येणारं विमान आपलं की जर्मन, हे नुसत्या आकारावरून ओळखायचं. शाळकरी पोरं आकृत्यांची पानं पाठ करत, गावोगाव स्पॉटर क्लब होते, आणि १९४१ मध्ये तर त्यांच्यासाठी खास नियतकालिक निघालं. युद्ध संपलं, सवय राहिली. वही, पेन्सिल, शेपटावरचा नंबर. पुढे शीतयुद्ध आलं आणि तीच वही कुंपणापलीकडच्या पहारेकऱ्याला खटकू लागली.

ती किती खटकू शकते, हे नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसच्या कालामाता हवाई तळावर दिसलं. १२ ब्रिटिश आणि २ डच पर्यटक हेरगिरीच्या संशयावरून पकडले गेले. त्यांत एक बाई अशा, की त्यांना विमानांत काडीचा रस नव्हता. नवऱ्यासोबत आल्या होत्या. सगळ्यांनी पाचेक आठवडे कोठडीत काढले. विमानांचे नंबर गोळा करून एखाद्याला आनंद मिळतो, हे तपास यंत्रणेच्या पचनीच पडेना. (खरं सांगायचं तर आमच्या घरातही पडत नाही.) एप्रिल २००२ मध्ये आठ जणांना तीन वर्षांची आणि सहा जणांना एक वर्षाची शिक्षा झाली. नोव्हेंबरात अपिलात सगळे निर्दोष सुटले.

याच वह्यांनी मग सरकारांची अडचण केली. जानेवारी २००४ मध्ये स्पेनमधल्या पाल्मा विमानतळावर एका स्थानिक हौशी माणसानं एका साध्या पांढऱ्या बोइंग ७३७ चा फोटो काढला. शेपटावर एन३१३पी. दिसायला कुठल्याही कंपनीचं खासगी विमान. प्रत्यक्षात ते सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेच्या कामावर होतं: मॅसेडोनियातल्या स्कोप्येहून खालेद अल-मस्री या जर्मन नागरिकाला उचलून अफगाणिस्तानात नेणारं. चुकीचा माणूस धरला होता. पुढे पत्रकारांनी आणि ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या संघटनेतर्फे चौकशी करणाऱ्या डिक मार्टी यांनी उड्डाणांच्या नोंदी जुळवल्या, तेव्हा अशा फोटोंना अचानक पुराव्याचं मोल आलं. एन३७९पी या सीआयएच्याच गल्फस्ट्रीम जेटचा नंबर तर मध्येच बदलला गेला. तरी स्पॉटरांच्या जुन्या-नव्या नोंदी शेजारी ठेवल्या, की विमान तेच. युरोपियन मानवाधिकार न्यायालयानं २०१२ मध्ये मस्री यांच्या बाजूनं निकाल दिला.

आपल्याकडचं चित्र वेगळं. १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात दोन ब्रिटिश स्पॉटर पकडले गेले. धावपट्टी दिसेल अशी खोली मागितलेली, जवळ कॅमेरे आणि वैमानिकांचं बोलणं ऐकायचा संच. हॉटेलवाल्यांना शंका येणार नाही तर काय? दोनेक महिने अडकून, दंड भरून ते घरी गेले.

कायद्याचं म्हणाल तर विमान नियम, १९३७ मधला नियम १३ सरकारी विमानतळावर आणि उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई करतो. मुंबई विमानतळाला लागून असलेल्या जरीमरीतल्या एखाद्या गच्चीबद्दल तो गप्प आहे. खरी मेख १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमात. त्यात ‘प्रतिबंधित ठिकाण’ या शब्दांच्या व्याख्येत शस्त्रागार, छावणी, जहाज यांच्या रांगेत सरकारच्या मालकीचं ‘विमान’सुद्धा आहे. देशाच्या सुरक्षिततेला बाधक हेतू असावा लागतो, हे खरं. पण तो हेतू परिस्थितीवरून आणि माणसाच्या वागणुकीवरूनही धरता येतो.

पूर्वी हा प्रश्न तितका टोचत नसे. पंतप्रधान एअर इंडियाच्या जंबोनं जात, आणि काम झालं की तोच जंबो पुन्हा प्रवासी घेऊन उडे. त्याचा फोटो कोणीही काढावा. ऑक्टोबर २०२० पासून मात्र हवाई दलाची दोन खास बोइंग ७७७ आली, के७०६६ आणि के७०६७. अंगावर ठसठशीत ‘भारत’, दाराजवळ राजमुद्रा. शिडीवरून हात हलवणारे पंतप्रधान टीव्हीवर थेट दिसतात, मागे विमान अख्खं. विमानांचा १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून नवा अधिनियम आला. १९२३ चा आहे तिथेच आहे, आणि त्याच्या लेखी ते ७७७ अजूनही एक ‘ठिकाण’ आहे.