बीव्हरचा बांध, मासे आणि ‘अडथळा’ हा शब्द

बीव्हर हा ओढ्यांवर बांध घालणारा, कुरतडणारा प्राणी. त्याचे बांध माशांची वाट अडवतात का, हा जुना वाद. या वादाची सुरुवात फरच्या व्यापारापासून सांगायची पद्धत आहे. टोप्यांसाठी फरपासून बनणाऱ्या फेल्ट कापडापायी इतकी शिकार झाली की १९०० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत बीव्हर लाखभर उरले असावेत, युरोप-आशियात जेमतेम १,२००. माशांच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच. मत्स्यशास्त्राने ओढे मोजायला घेतले तेव्हा बहुतेक ओढ्यांवर बांध उरलेच नव्हते. त्यामुळे अडवणुकीविना खळाळणारा ओढा म्हणजेच मूळचा ओढा, ही समजूत पक्की झाली.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बीव्हर परतू लागले. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात तर ७६ बीव्हर पॅराशूटने उतरवले गेले. त्याच सुमारास ग्रेट लेक्सच्या परिसरात ट्राउट (थंड पाण्यातला मासा) पकडणाऱ्यांच्या तक्रारी जोर धरत होत्या: पाणी तापते, अंडी घालायचे खडे गाळाखाली जातात, मासा वर चढत नाही. विस्कॉन्सिनमध्ये पुढे बांध काढून टाकण्याचे, प्रसंगी सुरुंगाने उडवण्याचे, धोरण आले. पहिल्या दोन तक्रारींत सपाट, संथ ओढ्यांपुरते तथ्य आहे. खरा गुंता तिसरीत आहे.

‘अडथळा’ हा शब्द काँक्रीटच्या धरणांवरून उचललेला. तिथे मासा एक तर पार होतो किंवा होत नाही. बीव्हरचा बांध म्हणजे काटक्या, चिखल आणि दगड. त्याला ठरलेला सांडवा नसतो. कडेने पाणी वाट काढते, मधून पाझरते, बर्फ वितळले की अख्ख्या माथ्यावरून वाहते. पायथ्याशी खोल डोह असेल तर मासा उडीसाठी वेग घेऊ शकतो. उथळ खडक असेल तर तोच बांध, तेवढ्याच उंचीचा, त्याला जड जातो. म्हणजे एकच बांध वसंतात वाट असतो आणि शरदातल्या तुटपुंज्या पाण्यात भिंत. हे ऋतुमान विचारात न घेता नकाशावर बांधाच्या जागी ‘अडथळा’ अशी खूण करणे हा माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महागात पडलेला आळस.

१९९० च्या दशकात प्रश्नाचा रोख बदलला. मिनेसोटातल्या अभ्यासात बांधांमागे साठणारी तळी माशांच्या पैदाशीचे उगमस्थान ठरली. पाणी वाढले की मासे तिथून ओढ्यात पसरत. दक्षिण कॅरोलायनात तळ्याचे वय निर्णायक दिसले. उगमाकडच्या ओढ्यांत ९ ते १७ वर्षांच्या तळ्यांत जातींची विविधता सर्वाधिक, नंतर उतरती. वॉशिंग्टन राज्यात तर कोहो सामनची (समुद्रातून ओढ्यांत विणीला येणाऱ्या माशाची) बोटुकली घटण्यामागे नाहीशी झालेली बीव्हर-तळी हे मोठे कारण निघाले. ज्याला अडथळा म्हटले तेच पिल्लांचे घर.

२०१२ मध्ये शंभरहून अधिक अभ्यास एकत्र तपासले गेले. तोट्याच्या दाव्यांपैकी सुमारे ७१ टक्के मोजमापाविना केलेले निघाले. (फायद्याच्या दाव्यांतही निम्मे तसेच होते, हे मात्र बीव्हरप्रेमी सहसा सांगत नाहीत.) पुढच्याच वर्षी युटातून प्रत्यक्ष मोजणी आली. तेराशेहून अधिक ट्राउटच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवून, २१ बांधांच्या खाली-वर कोण कधी सापडते ते पाहिले, तेव्हा बांध ओलांडल्याच्या ४८१ नोंदी मिळाल्या. स्थानिक कटथ्रोट ट्राउट बाहेरून आणलेल्या ब्राउन ट्राउटपेक्षा अधिक वेळा पार झाला. २०१६ मध्ये ओरेगॉनच्या ब्रिज क्रीकवरचे निष्कर्ष आले. तिथे माणसांनी खुंट ठोकून, फांद्या विणून बीव्हरसारखे बांध घातले होते, बीव्हरांनी ते वाढवले आणि स्टीलहेडच्या (समुद्रात जाऊन परतणाऱ्या ट्राउटच्या) पिल्लांचे उत्पादन १७५ टक्क्यांनी वाढले. स्थलांतरही थांबले नाही.

आता वादाची जागा ब्रिटन आहे. स्कॉटलंडमध्ये २०१९ पासून बीव्हर संरक्षित, इंग्लंडमध्ये २०२२ पासून, आणि २०२५ मध्ये तिथे परवान्याने मोकळे सोडायलाही मान्यता मिळाली. अटलांटिक सामनच्या बाजूने बोलणारे शरदातल्या त्याच तुटपुंज्या पाण्यावर बोट ठेवतात. मोठा सामन विणीसाठी लहान ओढ्यात शिरतो तो नेमका तेव्हाच, आणि ट्राउटवरची आकडेवारी त्याला जशीच्या तशी लावता येत नाही. मध्यममार्ग म्हणून त्या काही आठवड्यांपुरती बांधाला खाच पाडण्याचा उपाय सुचवला जातो. वाहत्या पाण्याचा आवाज कानी पडला की बीव्हर ती एका रात्रीत बुजवतो.