तल्लफ भागणे आणि ताण उतरणे

विदर्भातल्या कुठल्याही गावात सकाळी पानठेल्यापाशी उभे राहिले, की सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून खर्रा घोटण्याचा आवाज कानी पडतो. खाणाऱ्याला कारण विचारले तर बहुतेकदा एकच उत्तर मिळते, "डोकं जराक हलकं होते." हा माणूस खोटे बोलत नसतो. मात्र डोके हलके होण्याच्या या एका अनुभवात तल्लफ भागणे आणि ताण उतरणे अशा दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्यांतली पहिली गोष्ट दुसरीच्या नावाने खपून जाते.

तल्लफेचा हिशेब आधी पाहू. खर्र्यातल्या चुन्यामुळे तंबाखूतील निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून लवकर रक्तात शोषले जाते. मेंदूपर्यंत पोहोचल्यावर ते तरतरी आणते, पण त्याच वेळी हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही वाढवते, म्हणजे शरीरापुरते बोलायचे तर ताणात जे घडते तेच घडवते. निकोटिनचे रक्तातील प्रमाण सुमारे 2 तासांत निम्म्यावर येते आणि सवय झालेल्या माणसाला मग बेचैनी, चिडचिड, कामात लक्ष न लागणे असा त्रास सुरू होतो. ही लक्षणे हुबेहूब ताणासारखी असल्यामुळे तो माणूस दुसरा खर्रा घेतो आणि बेचैनी शमली, की ताण गेला असे समजतो. वास्तविक शमलेली बेचैनी आधीच्या खर्र्यानेच निर्माण केलेली असते. धूम्रपान सोडलेल्यांच्या अभ्यासांत काही आठवड्यांनंतर त्यांची चिंता आणि ताण वाढण्याऐवजी कमी झाल्याचे दिसून आले आहे, ते याच कारणाने. सुपारी आणि तंबाखू या दोन्हींमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आणि सुपारीमुळे तोंड उघडेनासे होण्याचा आजार हा विषय वेगळा असला, तरी तो विसरण्यासारखा नाही.

ताण उतरणे हे यापेक्षा संथ काम आहे. सोयाबीन फुलावर असताना पावसाने दडी मारली किंवा बँकेचा हप्ता तोंडावर आला, की शरीर धोक्याच्या तयारीत राहते, स्नायू आवळलेले असतात आणि श्वास उथळ होतो. ही तयारी मोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग श्वासातून जातो. बाजेवर स्वस्थ बसून साधारण 4 सेकंद श्वास आत घ्यावा आणि 6 सेकंद सावकाश बाहेर सोडावा. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते आणि 5 मिनिटांत त्याचा परिणाम जाणवू लागतो. पाऊस यामुळे येणार नाही, हे उघड आहे. पण उद्या काय करायचे याचा विचार शांत डोक्याने करता येतो.

चालण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. दिवसभर वावरात राबणाऱ्याला आणखी चालायला सांगणे मला थट्टेसारखे वाटते. त्याला खरी गरज झोपेची असते. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी रात्ररात्र जागल करणाऱ्याची चिडचिड पुष्कळदा अपुऱ्या झोपेची असते. जागल घरातल्यांनी किंवा शेजाऱ्याशी पाळीपाळीने वाटून घेता आली, तर तो उपाय कोणत्याही व्यायामापेक्षा मोठा ठरेल. त्या रात्री जागे राहण्यासाठी घेतलेला चहाही पहाटेची झोप उडवतोच, कारण कॅफिनचा अंमल कित्येक तास टिकतो.

दोहोंतला फरक ओळखायचा असेल तर घड्याळ पाहावे. बेचैनी ठरावीक अंतराने, काहीही वाईट घडलेले नसताना येत असेल आणि खर्रा तोंडात ठेवताच जात असेल, तर ती तल्लफ होय. ताण मात्र घड्याळ पाहून येत नाही. तो कारणाला चिकटलेला असतो आणि खर्रा थुंकून टाकल्यावरही ते कारण तिथेच असते.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट पानठेल्यावरच घडते. माणूस तिथे कामातून 10 मिनिटे बाजूला होतो, सावलीत उभा राहतो, कापसाच्या भावाबद्दल दोन शब्द बोलतो आणि आपल्यासारखीच अडचण दुसऱ्यालाही आहे हे त्याला कळते. ताण उतरण्यात या विसाव्याचा आणि बोलण्याचा वाटा असतोच, पण श्रेय सगळे खर्र्याला जाते. संध्याकाळी पारावर किंवा गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर तेवढाच वेळ बसले, तर तोच लाभ तंबाखूशिवाय मिळतो.

झोप आणि भूक उडून, कशातच मन न लागता दोन आठवडे गेले, तर ते रोजच्या ताणाच्या पलीकडचे आहे. आणि जगू नये असे वाटू लागले, तर तितकेही थांबू नये. टेलिमानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.

खर्रा सोडताना पहिले 2-3 दिवस सर्वांत कठीण जातात आणि त्रास ओसरायला साधारण 3-4 आठवडे लागतात. त्या दिवसांतली चिडचिड म्हणजे ताण वाढल्याची खूण नव्हे, हे घरच्यांनाही आधी सांगून ठेवावे आणि कापूस वेचणीच्या ऐन गर्दीत सुरुवात करण्याऐवजी थोडी उसंत मिळेल असा काळ निवडावा.