पेशींची ओढाताण : एका प्रश्नाची पार्श्वभूमी

पेशी भोवतालच्या पदार्थाला ओढतात, तो किती ताठ आहे हे चाचपतात आणि त्यानुसार आपले वर्तन बदलतात, हे आज सर्वमान्य असले तरी ते प्रयोगाने दाखवण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. कल्पना मात्र जुनीच होती. १८६०च्या दशकात झुरिच येथे हर्मान फॉन मायर या शरीररचनातज्ज्ञाने मांडीच्या हाडाच्या टोकातील जाळीदार रचना दाखवली, तेव्हा कार्ल कुलमान या अभियंत्याला तिच्यात भार पेलणाऱ्या क्रेनमधील ताण आणि दाबाच्या रेषा दिसल्या. पुढे १८९२ मध्ये बर्लिनचे शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी हाड आपल्यावरील भारानुसार घडण बदलते, असा नियमच मांडला. परंतु तो भार पेशींना कळतो कसा, हे तपासण्याची साधने तेव्हा कोणाकडेच नव्हती.

बल निर्माण कसे होते, याचा उलगडा आधी स्नायूंत झाला. दुसरे महायुद्ध चालू असताना हंगेरीतील सेगेड येथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे नाते उघड झाले. १९५४ मध्ये अँड्र्यू हक्सले व रोल्फ नीडरगर्के आणि ह्यू हक्सले व जीन हॅन्सन या दोन जोड्यांनी, ‘नेचर’च्या एकाच अंकात, स्नायू आखडतो तो तंतू आक्रसल्यामुळे नव्हे, तर ते एकमेकांवरून सरकल्यामुळे, असे मांडले. (दोघे हक्सले एकमेकांचे नातलग नव्हेत.) त्यानंतरच्या दोन दशकांत हीच प्रथिने अमीबासारख्या, स्नायूंशी संबंध नसलेल्या पेशींतही सापडली.

तरीही एखादी साधी पेशी खरोखर ओढते, हे डोळ्यांना दिसले ते १९८० मध्ये. अल्बर्ट हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या घट्ट द्रवावरून क्षणभर ज्योत फिरवली, त्यामुळे दुधावर साय धरावी तसा त्यावर रबरी पापुद्रा धरला, आणि त्यावर सोडलेल्या पेशी सरकू लागताच त्यांच्याखाली सुरकुत्या उमटल्या. संयोजी ऊतीतील फायब्रोब्लास्ट पेशींची ओढ तर नुसत्या सरकण्यासाठी लागेल त्याहून कितीतरी जास्त निघाली. हे बल भोवतालचे कोलॅजनचे (ऊतीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे) धागे ओढून रचण्यासाठी असावे, असे या गटाने पुढच्याच वर्षी सुचवले. या क्षेत्राला खरी गती सिद्धान्तापेक्षा अशा स्वस्त पदार्थांनी दिली, असे माझे मत आहे.

एकेका रेणूचे बल मोजण्यासाठी मात्र लेसरचा प्रकाशचिमटा, म्हणजे सूक्ष्म कण प्रकाशझोतात पकडून धरणारे साधन, लागला. त्याच्या साहाय्याने १९९४ मध्ये मायोसिनच्या एका रेणूचे बल काही पिकोन्यूटन (न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग) इतके मोजले गेले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने २०१३ मध्ये हाच चिमटा जिवंत पेशींत वापरला आणि डायनीन या पेशीत ओझी वाहणाऱ्या प्रथिनाचे एकेकटे दुबळे रेणू एकजुटीने मोठे ओझे कसे ओढतात, ते दाखवले.

ताठपणा ओळखण्याचा प्रश्न पॉलिअ‍ॅक्रिलामाइड या कृत्रिम पदार्थाच्या पाणीदार, लवचीक जेलने पुढे नेला. रॉबर्ट पेलम आणि यू-ली वांग यांनी १९९७ मध्ये एकाच रसायनाची, पण कमी-अधिक मऊ जेल तयार करून पेशींची हालचाल आणि पकड त्यानुसार बदलते, हे सिद्ध केले. २००६ मध्ये ॲडम एंगलर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी त्याच पद्धतीने अस्थिमज्जेतील मूलपेशी, म्हणजे निरनिराळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी, वाढवल्या. सुमारे १ किलोपास्कलपर्यंतच्या (हे ताठपणाचे माप; आकडा मोठा तितका पदार्थ ताठ) मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या, ८ ते १७ किलोपास्कलवर स्नायूंच्या आणि २५ ते ४० किलोपास्कलवर हाडांच्या वळणावर गेल्या.

यामागचे संवेदक एकाहून अधिक निघाले. टॅलिन हे प्रथिन ताणले की त्यातील झाकलेल्या जागा उघडतात आणि तिथे व्हिंक्युलिन हे दुसरे प्रथिन चिकटते, हे २००९ मध्ये दिसले. लगेच २०१० मध्ये आर्डेम पातापुटियान यांच्या गटाने ७२ जनुके एकेक करून बंद पाडत, बारीक नळीने टोचल्यावर पेशीत उठणारा विद्युतप्रवाह कशामुळे थांबतो ते शोधले आणि पिएझो-१ ही पेशीपटलातील, दाबाने उघडून आयन आत सोडणारी वाहिनी हाती लागली, ज्या कामासाठी त्यांना २०२१चे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस यांच्यासह मिळाले. टॅलिन पेशीच्या पकडीच्या जागी काम करते, तर पिएझो पेशीपटलावरील ताण ओळखते.