आरोग्य कर्मचाऱ्यांचा बर्नआउट आणि रुग्णसहभाग

डॉक्टर, सिस्टर, आशाताई, वॉर्डातल्या मावशी-मामा यांना कामाच्या ताणानं येणारा आणि सुट्टी घेऊनही न जाणारा शीण म्हणजे बर्नआउट. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात काम करणारी माणसं बघून मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी यावर लिहिलं, मग १९८१ मध्ये मास्लाक आणि जॅक्सन यांनी तो मोजायला २२ प्रश्नांची प्रश्नावली काढली, ती अजून चालते. ती तीन गोष्टी बघते, भावनिक थकवा, पेशंटशी कोरडेपणानं वागणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या आपल्या यादीत (आयसीडी-११) याला आजार न म्हणता कामाशी जोडलेली स्थिती म्हटलंय, त्यामुळं स्टाफसाठी योगाचं शिबिर घेतलं की झालं, असं समजणाऱ्यांचं अवघड आहे.

रुग्णसहभाग म्हणजे उपचार ठरवताना, सेवा आखताना आणि तिच्यावर लक्ष ठेवताना पेशंटला अन् गावाला विचारणं. १९७८ च्या प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या अल्मा-आता जाहीरनाम्यात हा लोकांचा हक्कही आहे आणि कर्तव्यही. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तळाला नुसता देखावा आणि वर लोकांच्या हातात निर्णय.

मराठवाड्यात सहभाग तसा भरपूर आहे, पण कसला ते बघा. संभाजीनगरच्या घाटीत, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, जालना, बीड, परभणीहून पेशंट येतो आणि सोबत दोन-तीन माणसं येतात, तीच स्ट्रेचर ढकलतात, रक्ताचं सॅम्पल लॅबला नेतात, बाहेरच्या मेडिकलवरून औषध आणतात, रात्री सलाईन संपत आलं की "सिस्टर, संपलं बघा" म्हणून पळतात, सिस्टर एकच आणि हाका चार बाजूंनी, ती म्हणते "थांबा हो, येते की". आजार काय, ऑपरेशन कशाचं हे मात्र नीट कुणी सांगत नाही, "इथं सही करा" एवढंच. म्हणजे सहभाग हमालीचा, निर्णयाचा नाही. आणि न सांगितल्यानं जो संशय साचतो तो शेवटी त्याच सिस्टरवर नाहीतर रेसिडेंट डॉक्टरवर फुटतो. हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, तरी हाणामारीच्या बातम्या येतातच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याचं समोर आलं, त्यात १२ नवजात बाळं होती. गर्दी, औषधं, रिक्त पदं यावर चर्चा झाली, पण एका खासदारानं अधिष्ठात्यांना टॉयलेट साफ करायला लावलं तेच लोकांच्या जास्त लक्षात राहिलं. जाब विचारायची रीतसर जागा नसली की असं होतं.

रीतसर जागेचा प्रयोग आपल्याकडं झालाय. ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली, पहिल्या पाच जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचं धाराशिव) होतं. गावची समिती आरोग्य केंद्राची माहिती गोळा करते आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडते. तिथं लोक म्हणतात डॉक्टर जागेवर नसतो, डॉक्टर म्हणतो पद रिकामं आहे अन् मी दोन ठिकाणचा चार्ज बघतोय, तक्रार एकच निघते.

दवाखान्याच्या आतलं उदाहरण म्हणजे नवजात बालकांच्या कक्षातली कुटुंब सहभागी काळजी, दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातून पुढं आलेली. यात आईबापाला हात धुणं, दूध पाजणं, कांगारू पद्धतीनं बाळ छातीशी धरणं, धोक्याची लक्षणं ओळखणं शिकवतात. अर्थात याच्या आडून नर्सची पदं कमी ठेवली तर ती पुन्हा हमालीच.

संशोधनाची अडचण अशी की बहुतेक अभ्यास एकदाच प्रश्नावली भरून घेतात, त्यामुळं थकलेल्या स्टाफमुळं पेशंट चिडतात की चिडलेल्या पेशंटमुळं स्टाफ थकतो हे सुटत नाही. शिवाय प्रश्नावली जास्त करून डॉक्टर-नर्सपर्यंत पोचते. आशाताई तर कागदोपत्री स्वयंसेविका, पगार नाही, मोबदला मिळतो, आणि गावात रात्री कळा सुरू झाल्या की फोन पहिला तिलाच जातो.