माळ्यावरचा पीसी गप्प करताना

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून जुना पीसी खाली आला. २०१२ सालच्या पिढीचा कोअर आय-५, पत्र्याचं कॅबिनेट, आत बोटभर धूळ. भंगारवाला तो वजनावर नेणार. इकडे घरातले मुंजी-बारशाचे व्हिडिओ, बाबांच्या नाट्यसंगीताच्या सीडी आणि हजारो फोटो अर्धे लॅपटॉपवर, अर्धे पेनड्राइव्हमध्ये विखुरलेले. ते सगळं एका जागी ठेवून टीव्हीवर आणि फोनवर दाखवायचं, एवढंच काम या डब्याला द्यायचं ठरवलं. नवी हार्डडिस्क (दहा-बारा वर्षांच्या डिस्कवर घरचे फोटो ठेवू नयेत), डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि घरचे व्हिडिओ, गाणी, फोटो टीव्ही-फोनवर पोचवणारं जेलीफिन हे फुकट, मुक्त सॉफ्टवेअर, असं सगळं एका संध्याकाळीत झालं.

दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, “ही गिरणी रात्रभर चालणार का?”

पहिला गुन्हेगार मागचा ८० मिलिमीटरचा पंखा. तो मिनिटाला २४०० फेरे घेत होता. पंख्याचं गणित मजेशीर आहे. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. हवेचं प्रमाण मात्र व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं. म्हणून त्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा तेवढीच हवा साधारण ७०० फेऱ्यांत ढकलतो. छोटा पंखा किंचाळतो, मोठा नुसता सुस्कारा टाकतो. मोठा पंखा बसवताना मागची भोकाभोकांची पत्र्याची जाळीही कापून काढली. पात्यांना खेटून असलेल्या जाळीवर हवा फाटते आणि शिट्टीसारखा आवाज येतो.

तरी एक ‘हूंऽऽ’ उरलाच. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबला, तर बंद! हात काढला, पुन्हा सुरू. डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. ती थरथर स्क्रूमधून सांगाड्यात उतरते आणि पत्रा तबल्याच्या पुडीसारखा घुमतो. डिस्क स्वतः फारशी बोलत नाही, बोलतो तो पत्रा. स्क्रू आणि सांगाडा यांच्यामध्ये रबरी वॉशर घातले, घुमणं गेलं.

मुळात उष्णताच कमी झाली तर पंख्याला पळायचं कारण उरत नाही. ग्राफिक्स कार्ड काढून टाकलं. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स या कामाला पुरतं. प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूच्या ठोकळ्याकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून नवी लावली. सिनेमा पाठवणं हे तसं हमालीचं काम. सेकंदाला १० मेगाबिटचा व्हिडिओ म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वा मेगाबाइट. तेवढ्याला प्रोसेसर डुलक्या काढत पुरा पडतो. घाम फुटतो तो ट्रान्सकोडिंगला, म्हणजे टीव्हीला न समजणारा व्हिडिओ चालता चालता दुसऱ्या साच्यात ओतायचा तेव्हा. या पिढीच्या चिपमध्ये एच.२६४ या जुन्या व्हिडिओ-साच्यासाठी वेगळं सर्किट आहे, एचईव्हीसी या त्याच्यानंतरच्या साच्यासाठी नाही. इंटेलने ते डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये २०१५ च्या स्कायलेकपासून दिलं. त्यामुळे फोनवर काढलेले एचईव्हीसी व्हिडिओ टीव्हीच्या जुन्या ब्राउझरवर लावले की चारही कोअर भडकायचे आणि पंखा उठायचा. टीव्हीला तो फॉरमॅट समजणारी एक स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीत खोचायचा छोटा प्लेअर) लावली. आता फाइल जशीच्या तशी जाते आणि डोकेफोड स्टिक करते.

विजेचं म्हणाल तर नुसता बसलेला असताना हा सुमारे ४० वॅट खातो. चोवीस तास ठेवला तर महिन्याला २९ युनिट. जुन्या पीसीचा हा खरा तोटा. म्हणून रात्री त्याला झोपवतो आणि गरज पडली की वेक-ऑन-लॅनने, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून हाक मारून, फोनवरून उठवतो.

डिस्कची टिकटिक मात्र अजून ऐकू येते. नवे फोटो शोधायला जेलीफिन सगळे फोल्डर चाळतं, तेव्हा डिस्कमधला वाचणारा काटा इकडून तिकडे धावत असतो. रबराने ती पुरती जात नाही. ते चाळणं मी दुपारी दोनला लावून ठेवलंय. तेव्हा तसाही शेजारच्या बांधकामाचा ड्रिल चालू असतो.